गाडीत बदल करण्याआधी: मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! सीटवरचं प्लास्टिक अजून उतरलं नसेल आणि तुझी यादी तयार: रीमॅप, मोठे अलॉय, जास्त वॅटचे बल्ब, नवी म्युझिक सिस्टिम. वर शेवटी सहज विचारल्यासारखं, ‘यानं वॉरंटी जाईल का रे?’ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला हे विचारलंस, तेव्हा उत्तर लांबणारच.

आधी एक गैरसमज काढून टाक. एक बल्ब बदलला की अख्ख्या गाडीची वॉरंटी रद्द, असं सहसा होत नाही. कंपनी हमी देते ती मालातल्या आणि बांधणीतल्या दोषाची. तू बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे एखादा भाग बिघडला, तर त्याचा खर्च ती उचलणार नाही. पण तू स्पीकर बदललेस आणि इंजिनाचा वॉटर पंप गळायला लागला, तर त्या दोहोंचा काय संबंध? पंप बदलून मिळायला हवा. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, पार्ट फुकट दिल्याशिवाय किंवा सरकारी यंत्रणेची खास सूट मिळाल्याशिवाय ‘आमचाच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी नाही’ अशी अटच कंपनीला घालता येत नाही. बाकी ठिकाणी कायदे वेगळे, पुस्तिका वेगळ्या. आपली आपण वाचावी.

खरा वाद होतो तो कारणावरून. आणि यात तुझ्या यादीतली पहिलीच गोष्ट सगळ्यात वाईट आहे.

रीमॅप म्हणजे ईसीयूमधले, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले, आकडे बदलणं: किती इंधन सोडायचं, टर्बोनं किती दाब द्यायचा, ठिणगी कधी पाडायची. त्यातून टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, वाढतो, गाडी पळते, मजा येते, नाही म्हणत नाही. पण तो वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्समधूनच चाकांपर्यंत जातो, आणि ते दोन्ही मूळ हिशेबाचेच राहतात. कंपनीनं जी थोडी ताकद राखून ठेवलेली असते ती आळस म्हणून नव्हे. हलक्या प्रतीचं इंधन, कडक ऊन, घाटात भरलेली गाडी, हे सगळं गृहीत धरून ती ठेवलेली असते. रीमॅपवाला नेमकी तीच शिल्लक खर्च करतो.

‘सर्व्हिसला नेण्याआधी मूळ फाइल परत टाकू,’ हे तू म्हणशीलच, म्हणून आधीच सांगतो. सॉफ्टवेअरला ओळख क्रमांक असतो आणि त्यातल्या आकड्यांची एक तपासणी-बेरीजही (चेकसम) असते, आत काही बदललं की ती जुळत नाही. शिवाय बऱ्याच ईसीयूमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. तू मूळ फाइल परत टाकलीस की त्या नोंदीत आणखी एकाची भर! रीमॅपऐवजी नुसता प्लग लावायचा ट्युनिंग बॉक्सही मिळतो, तो ईसीयूला हात लावत नाही. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून खोटं बोलतो, दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू बिचारा आणखी वाढवतो. बॉक्स काढून टाकला तरी मधल्या काळात एखादा फॉल्ट कोड, म्हणजे ईसीयूतली बिघाडाची नोंद, पडला असेल, तर त्या क्षणाचे इंजिनाचे वेग, तापमान, लोड असे आकडे त्याच्यासोबत साठलेले असू शकतात. स्कॅनर लावला की आम्ही ते वाचतो. आणि एकदा शंका आली की इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, म्हणजे गाडीतले सगळे महागडे भाग एकदम वादात. गंमत म्हणजे वॉरंटी आपल्याला हवी असते ती मुळात याच भागांसाठी.

आता बल्ब. तुझ्या गाडीत एच४ प्रकारचा बल्ब आहे, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट. तू १००/९० चा घालणार. वॅट वाढले तेवढाच करंट वाढतो, पण तारेत आणि पिनांत उष्णता वाढते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. असे होल्डर माझ्या टेबलावर येतात: प्लास्टिक कडेनं तपकिरी झालेलं, पिना काळ्यानिळ्या पडलेल्या, आणि बल्ब ओढला की होल्डरचा तुकडाच हातात. तो होल्डर वॉरंटीत द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे काय बघावं तेच कळत नाही. बॅटरीतून थेट करंट घेणारं वेगळं रिले वायरिंग टाकलं तर तारा वाचतात, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते दिपतातच. आधी हेडलाइटचं ॲडजस्टमेंट तपासून घे. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

म्युझिक सिस्टिम खुशाल लाव, एकच अट: तार कापायची नाही. गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसणारा कपलर मिळतो, तोच माग. स्टिअरिंगखालचं पॅनल उघडल्यावर चिकट झालेली काळी टेप आणि सोलून पिळलेल्या तारा दिसल्या, की पुढे त्या गाडीची कुठलीही इलेक्ट्रिकल तक्रार आली तरी मेकॅनिक पहिलं बोट तिकडेच दाखवतो. मला ते चूक वाटत नाही. डॅशकॅमचंही तेच.

अलॉयचं फार डोक्याला लावून घेऊ नकोस. चाक-टायर मिळून बाहेरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेव आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, बदलू नकोस. रिम फार बाहेर आली की व्हील बेअरिंगवर जास्तीचा भार येतो, आणि तो क्लेम नाकारायला कारण शोधावं लागत नाही. हो, आणि वहिनींनी सीट कव्हर घ्यायचं ठरवलं असेल तर सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते बघ. असेल तर ती उघडायला त्या जागी शिवण मोकळी सोडलेलंच कव्हर घ्या.

शोरूममधला पोरगा म्हणेल, ‘काही होत नाही सर, बिनधास्त लावा.’ त्याला म्हणावं, बिलावर लिहून दे. तिथेच बसवलेल्या ॲक्सेसरीजची वॉरंटी बहुतेक वेळा वेगळी असते, तीही विचार. वाढीव वॉरंटी हा तर स्वतंत्र करार, आणि बदलांबाबत तो मूळ वॉरंटीपेक्षाही कडक असू शकतो. विमा आणखी निराळा. तिथे बदल कळवले नाहीत तर अपघातानंतर भांडण वेगळंच.

उद्या एखादा क्लेम नाकारलाच, तर काउंटरवर आवाज चढवू नकोस, आम्हाला त्याची सवय असते. कुठला भाग, कुठल्या बदलामुळे आणि कसा बिघडला, हे लेखी माग. ‘बाहेरचं काम झालंय’ एवढंच लिहून दिलं तर ते कारण नव्हे, वर दाद माग. लेखी मागितलं की पुष्कळदा फाइल पुन्हा उघडली जाते, हे मी आतून बघतो. त्यासाठी काढलेले मूळ पार्ट, बिलं आणि जॉब कार्ड जपून ठेव.

तेव्हा सिस्टिम लाव, अलॉय लाव, बल्ब राहू दे. रीमॅप इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी संपल्यावर. तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे, पण निदान पुस्तिकेतलं ‘वॉरंटीत समाविष्ट नाही’ हे प्रकरण उघड आणि त्या पानांचे फोटो मला पाठव. वाचून कळवतो.

तुझा,
अविनाश