बी कुणी जपले, निर्णय कुणाचा?

संपादक महोदय,

अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये हटवून झाली आणि त्याच ऑक्टोबरात सॅमन मासे वरच्या पात्रात परतले. यामागे युरोक, कारुक आदी मूळनिवासी जमातींचा दोन दशकांचा लढा आहे. मला जास्त भावले ते पुढचे काम. जलाशय ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर तिथल्याच गवता-झुडपांचे बी पेरले गेले, आणि त्या बियाण्याची सुरुवात खोऱ्यात हातांनी वेचलेल्या दाण्यांपासून झाली होती. बाहेरची रोपे आणून खड्डे भरले की जमीन सावरत नाही.

आगीचेही तसेच. उत्तर ऑस्ट्रेलियातले आदिवासी कोरडा हंगाम सुरू होतानाच गवत थोडे थोडे जाळतात. आग बुटकी, सावकाश सरकणारी. त्यामुळे पुढचा मोठा वणवा रोखला जातो. कॅलिफोर्नियाने मात्र १८५० च्या कायद्याने मूळनिवासींच्या अशा जाळण्याला गुन्हा ठरवले होते!

मूळनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात पूर्वसंमतीचे, म्हणजे त्यांच्या जमिनीबाबत निर्णयाआधी त्यांची संमती घेण्याचे, तत्त्व आहे. तरी या लोकांना बऱ्याचदा बोलावले जाते ते जमीन-नदी सावरण्याचा आराखडा तयार झाल्यावर, फक्त सूचना द्यायला. आराखड्यावर त्यांची सही हवी आणि निधीही थेट त्यांच्या हाती जायला हवा.

– एक वाचक