एका शब्दासाठी आलेला फोन

दादा, नमस्कार.

परवा येळवस झाली, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. सकाळपासून लातूर रिकामं, जो तो शेताकडं निघालेला. औसा रोडला आमच्या पुढं एक टेम्पो होता. मागं बायका-लेकरं दाटीवाटीनं बसलेली आणि कुणाच्या तरी मोबाइलवर आपलं गाणं लागलेलं, तुमची चाल आणि माझे शब्द. लेकरांना अंतरेसुद्धा पाठ होते. माझ्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं बिंदगं, आंबिलीचं मडकं, होतं आणि त्या लेकरांच्या तोंडात तोच शब्द होता. मला रडू आवरेना. तेव्हाच ठरवलं, की फोनवर तुम्हाला जे कधी नीट बोलता आलं नाही ते आता सगळ्यांसमोर लिहायचं.

तुमचं नावही लिहायचं होतं. तुम्ही नको म्हणालात. मला ते पटलेलं नाही, पण तुमचा शब्द मोडत नाही.

तुमच्याकडं येण्याआधी माझ्याबाबतीत काय झालं होतं, ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. मी ब्लाउज शिवते. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर गाणी लिहिते. माझं हळदीचं एक गाणं आमच्या भागातल्या लग्नांत म्हटलं जायचं. ते कुणीतरी रेकॉर्ड करून पाठवलं, एका कंपनीनं घेतलं, वाद्यं लावून बाजारात आणलं. गाणं चाललंही. खाली लिहिलं होतं, ‘गीत : पारंपरिक’. मी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “बाई, असली गाणी गावात सगळ्याच म्हणतात.” दुसऱ्यानं सांगितलं, साडी पाठवतो, विषय मिटवा. साडी मी घेतली नाही.

दादा, ‘पारंपरिक’ हा शब्द मला वाईट वाटत नाही. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या पारंपरिकच आहेत. पण त्या काही जात्यातून पिठासारख्या पडल्या नाहीत. कुठल्या तरी बाईनं पहाटेच्या अंधारात एकेक ओवी जुळवली असेल. तिला कुणी नाव विचारलं नाही, म्हणून तिचं नाव गेलं. मी तर जिवंत आहे, फोन उचलते आहे, तरी मला पारंपरिक करून टाकलं. त्यानंतर दीड वर्ष मी एक ओळ लिहिली नाही. वहीची मागची पानंही मापांनी भरली.

मग तुमचा निरोप आला, येळवशीवर गाणं करायचं आहे. तुम्ही आधी चाल पाठवलीत, नुसतं ‘ना ना ना’ गुणगुणून. आधी चाल आणि मग शब्द, हे मला नवीन होतं, पण अवघड गेलं नाही. कापड आधीच बेतलेलं असलं की मापातच शिवावं लागतं. कडब्याची कोप, त्यात पूजेला मांडलेले पाच पांडव, जेवणातली भज्जी आणि उंडे, हरभऱ्याचं हिरवं रान, सगळं चालीत बसत गेलं. मुखडा असा झाला:

डोई बिंदगं आंबिलीचं, हळू टाक गं पाऊल
कोपीमंदी पाची पांडव, त्यांना लागली चाहूल

रेकॉर्डिंगला मी आले नव्हते, लग्नसराईची शिलाई होती. दिवेलागणीला तुमचा फोन आला. मी मशीन थांबवलं. तुम्ही म्हणालात, “ताई, एक विचारायचं होतं. ‘बिंदगं’च्या जागी ‘घागर’ केलं तर चालंल का? गायिका म्हणतात, बाहेरच्यांना कळणार नाही. आणि ‘गं’वर सूर अडकतोय.”

मी गप्पच झाले. तुम्हाला वाटलं असेल, राग आला. खरं सांगते, मला काय बोलावं ते सुचेना. माझ्या शब्दाबद्दल मला कुणी विचारील, हे ध्यानीमनी नव्हतं. ‘डोई घागर आंबिलीची’ हे चालीत अगदी नीट बसतं. मला न विचारता तुम्ही बदललं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. आधीच्यांनी अख्खं गाणं न विचारता नेलं होतं, तुम्ही एका शब्दासाठी गाणं थांबवलंत. गायिका पुण्याहून आल्या होत्या, रात्रीच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांना बसवून ठेवून तुम्ही मला म्हणालात, “घाई नाही. आधी बिंदगं म्हणजे काय ते सांगा. आमच्या जालन्याकडं येळवस नसते.”

मी सांगितलं. घागर रोजची, पाण्याची. येळवशीचं बिंदगं आंबिलीचं. घोंगडीनं झाकून डोक्यावर शेतात न्यायचं, ते डोक्यावर असताना बाई पाय जपून टाकते, म्हणून पुढं ‘हळू टाक गं पाऊल’ आहे. घागर घातली तर पुढची ओळ कशाला ते कळणार नाही.

तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग पेटीचे सूर ऐकू आले, एकदा, दोनदा. आणि तुम्ही म्हणालात, “शब्द राहू द्या ताई. मी चाल वाकवतो.”

‘गं’वर आता जो सूर लांबतो ना, बाई ओझं सावरत थांबल्यासारखा, तो त्या संध्याकाळचा आहे. लोकांना गाण्यात तीच जागा सगळ्यांत आवडते.

पुढं तुम्ही बरंच केलंत. कागदावर सही घेण्याआधी समजावलंत, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणं गाण्याचे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा हक्क जात नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! पैसेही वेळेवर आले. पण माझ्या मनात राहिला तो फोन.

आणि गाण्याखालच्या त्या दोन ओळी. सुरुवातीची ‘ओलगे ओलगे’ ही येळवशीची आरोळी माझी नाही, ती बापजाद्यांपासूनची आहे. तुम्ही एका ओळीत ‘आरोळी : पारंपरिक’ लिहिलंत आणि तिच्या खाली, वेगळ्या ओळीत, माझं पूर्ण नाव. जे सगळ्यांचं ते सगळ्यांना, जे माझं ते मला. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं दळण-कांडण करता करता अभंग रचले आणि शेवटी ‘नामयाची दासी’, ‘जनी’ अशी आपली मुद्रा ठेवली, म्हणून सातशे वर्षांनंतर आपण तिला ओळखतो. माझी तिच्याशी कसली बरोबरी. पण त्या ओळीत माझं नाव वाचलं तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

मोठ्या स्टुडिओत, मोठ्या नावांच्या लोकांत इतकं साधं का जमत नसेल, कळत नाही. विचारायला पैसे लागत नाहीत. तुमच्या पत्र्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्या आहेत, आणि तिथं लिहिणाऱ्या बाईला खुर्ची मिळते, चहा मिळतो, ‘हे बरोबर आहे का ताई’ असं विचारलं जातं. तुमचा ढोलकीवाला पोरगाही मला असंच विचारतो. तुमच्याकडं बघूनच शिकला असणार.

मापाच्या वहीत मागून आठ पानं पुन्हा भरली आहेत.

पुढच्या येळवशीला वहिनींना आणि लेकरांना घेऊन या. आमचं रान रस्त्यालगतच आहे. गाण्यात शब्द ठेवलात, पण बिंदगं अजून पाहिलं नाही तुम्ही. घरापासून कोपीपर्यंत थोडं अंतर तुम्हीच डोक्यावर घेऊन चाला, मग पंगतीला बसू.

तुमची,
शिलाईवाली ताई