काळी माती लाव्हाने भाजलेली नाही

संपादक महोदय,

मराठवाड्याच्या मातीवर काही छापून आले की ‘ज्वालामुखीच्या उष्णतेतून तयार झालेली काळी माती’ हे वाक्य त्यात हमखास असते. उष्णतेतून आला तो बेसॉल्ट. माती त्यानंतर, तो खडक ऊनपावसात कुजून झाली. पावसाळ्यात फुगणारे आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारे तिच्यातले स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज हाच त्याचा पुरावा. कारण हे खनिज उष्णतेत टिकत नाही. खोल गाडले गेले की साधारण ६० ते १५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात ते पोटॅशियम घेऊन हळूहळू इलाइट, म्हणजे न फुगणारे अभ्रकासारखे खनिज होते.

खरे सौम्य रूपांतरण, म्हणजे उष्णतेने व दाबाने खडकाचे रूप पालटणे, २०० अंशांच्या आसपास सुरू होते. नुसते बेसॉल्टखाली गाडले जाणे त्याला पुरत नाही. किल्लारीच्या विंधनविवरात ३३८ मीटर बेसॉल्टखाली सुमारे ८ मीटर गाळखडक लागला होता. पण किलोमीटरमागे २५-३० अंश धरले तर एवढ्या खोलीने तापमान जेमतेम दहा अंश वाढते. २०० अंशांसाठी सहा-सात किलोमीटर खोली हवी.

पैनगंगेपलीकडचे प्राचीन शेल (चिकणमातीचे थरदार खडक) किती तापले होते हे तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. वर काळे रान असेल तर स्मेक्टाइट भेगांतून खाली झिरपलेले असते. म्हणून नमुना भेगा टाळून, आतल्या ताज्या खडकाचा घ्यावा. तो खलबत्त्यात फोडावा, चक्कीत तासन्‌तास दळू नये. दळून स्फटिक मोडतात, एक्सआरडीतले (खनिजे ओळखणाऱ्या क्ष-किरण तपासणीच्या आलेखातले) इलाइटचे शिखर रुंदावते आणि खडक कमी तापलेला भासतो; कारण खडक जितका तापलेला, तितके ते अरुंद. चुना काढायला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल वापरावे; हायड्रोक्लोरिकने क्लोराइट हे शेलमधले दुसरे खनिजही विरघळू लागते.

मग भुकटी पाण्यात ढवळून, मोठे कण तळाशी बसू देऊन २ मायक्रॉनखालचे कण वेगळे करायचे. वरचे ५ सेंटिमीटर पाणी काढून घेण्याआधी पुस्तकात जवळपास ३ तास ५० मिनिटे थांबायला सांगतात, पण ते २० अंशांच्या पाण्यासाठी. आपल्याकडे एप्रिलात नळाचेच पाणी ३० अंशांचे. तिथे सुमारे ३ तास पुरतात. मोठे कण राहिले तर ग्रॅनाइटमधून वाहत आलेला जुना अभ्रक सोबत येतो. त्याचे शिखर अरुंद, म्हणजे थंड खडकही तापलेला दिसतो. ही चूक सर्वांत फसवी.

हे कण पसरलेली काचपट्टी आधी हवेत वाळवून आणि मग रात्रभर ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून, दोनदा तपासावी. स्मेक्टाइटचे शिखर १४-१५ वरून १७ अँगस्ट्रॉमला (खनिजाच्या थरांतले अंतर मोजायचे एकक) सरकते. इलाइट १० वर आणि क्लोराइट १४ वर जागचे हलत नाहीत. इलाइटच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी म्हणजे क्युब्लर निर्देशांक. तांब्याच्या क्ष-किरणांवर तो ०.४२ अंशांहून (हे कोनाचे अंश, तापमानाचे नव्हेत) जास्त असेल तर खडक फक्त गाडला गेलेला, ०.४२ ते ०.२५ म्हणजे रूपांतरणाचा उंबरठा; त्याखाली आला की ३०० अंश सेल्सियसच्या पुढची गोष्ट. यंत्र बदलले की रुंदीही बदलते, त्यामुळे प्रमाण नमुन्यावर यंत्र जुळवल्याशिवाय हे आकडे कोणी छापायला देऊ नयेत.

— भूशास्त्राचा एक अभ्यासक, नांदेड