विंडोज ७ : बोलायचं असेल तर बीटा चालू आहे तोवरच बोला

मा. संपादक,
नमस्कार.

विंडोज ७ येतंय येतंय म्हणून सगळीकडे चर्चा चाललीय, पण जे काय वाचायला मिळतं ते सगळं दिसायला कसं झकास आहे यावरच. माझं कुडाळला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं, म्हणून जरा दुकानाच्या बाजूने लिहितोय.

या जानेवारीत (२००९) मायक्रोसॉफ्टने बीटा, म्हणजे पक्कं विंडोज यायच्या आधी वापरून बघायची कच्ची आवृत्ती, लोकांना फुकट दिला. आधी म्हणाले फक्त २५ लाख जणांना, मग एवढी गर्दी उसळली की सर्व्हर बसले आणि ती मर्यादाच काढून टाकली. १० फेब्रुवारीला नवीन डाऊनलोड बंद झालं, पण आमच्याकडे नेटच्या रात्रीच्या फ्री तासांत कोणीतरी उतरवून घेतलेलं असतंच, मध्ये लाइट गेली तर परत पहिल्यापासून, तरी उतरवतातच, आणि मग एक डीव्हीडी गावभर फिरते. मीही दुकानातल्या जादा मशीनवर टाकून बघितलं. खरं सांगायचं तर आवडलं. १ जीबी रॅमवर आधीच्या विंडोज व्हिस्टापेक्षा पुष्कळ हलकं चालतं, आणि खिडकी ओढून कडेला नेली की आपोआप अर्ध्या स्क्रीनवर बसते हे तर आमच्यासाठीच केलंय असं वाटतं, एका बाजूला गिऱ्हाइकाने हाताने लिहिलेला मजकूर स्कॅन करून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला टाइप करायचं. डेस्कटॉपवर एक मासा आहे, लढाऊ जातीचा, रंगीत. पत्रिका न्यायला आलेल्या एका आजोबांनी ‘हो मासो खंयचो?’ म्हणून विचारलंन, खाण्याचा नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्टच संपला.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. या बीटामध्ये प्रत्येक खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात ‘सेंड फीडबॅक’ असं लिहिलेलं आहे, तिथे क्लिक करून काय चालत नाही ते लिहायचं. माझ्या ओळखीत बीटा टाकलेले बरेच जण आहेत, त्यातल्या एकानेही तिथे क्लिक केलेलं नाही. नवीन विंडोज बघितलं, मित्रांना दाखवलं, झालं. अहो बीटा त्यासाठी नसतो! तिकडे अमेरिकेत बसून कोणाला कळणार की कोकणातल्या डीटीपीवाल्याकडे मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याचा डाँगल (जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही तो खटका) मागे प्रिंटर पोर्टला लावलेला असतो, पानं लावायला पेजमेकर आहे, आणि पावत्यांसाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. व्हिस्टाच्याही आधीच्या विंडोज एक्सपीवर हे सगळं निमूट चालतं. व्हिस्टा आलं तेव्हा माझा चांगला चालणारा स्कॅनर मेला, कंपनीने व्हिस्टावर तो चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढलाच नाही, वर नवीन घ्या म्हणाले. आता मायक्रोसॉफ्ट सांगतंय की व्हिस्टावर चालणारं बहुतेक सगळं ७ वर चालेल. बरोबर आहे, पण इथे व्हिस्टा घेतलंय कोणी, सगळे एक्सपीवर बसलेत. आणि एक्सपीवरून हा बीटा सरळ चढतही नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

सांगून काय होणार, आपलं कोण ऐकतंय असं म्हणणाऱ्यांसाठी या महिन्यातलंच उदाहरण आहे. व्हिस्टामध्ये ‘परवानगी द्या’ म्हणून सारखी खिडकी यायची, बीटात ती कमी केलीय, पण दोन ब्लॉगरनी दाखवून दिलं की एखादा प्रोग्रॅम ही सगळी राखणच गुपचूप बंद करू शकतो. मायक्रोसॉफ्ट आधी म्हणालं की हे असंच ठेवलंय, मुद्दाम. लोकांनी बोंब मारली आणि ५ फेब्रुवारीला कबूल केलं की बदलतो. म्हणजे ऐकतात, पण वेळेत सांगितलं तर. आणि वेळ फार नाही, कारण विंडोजचं काम बघणारे स्टीव्हन सिनोफ्स्की यांनी जाहीर केलंय की दुसरा बीटा काढणार नाही, आता थेट रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ पक्की आवृत्ती. तिथपर्यंत गेलं की मग मोठे बदल कोण करतंय.

अजून एक गोष्ट, जिच्यावर आपल्याकडे ओरड व्हायला पाहिजे आणि होत नाहीय. ‘स्टार्टर’ नावाची सगळ्यात स्वस्त आवृत्ती छोट्या नेटबुकवर घालून देणार आहेत आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालणार. तीन! पेजमेकर एक, फोटोचं काम दुसरं, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडं ठेवलं तर तो तिसरा धरणार का? कॉलेजची पोरं असलेच स्वस्त लॅपटॉप घेणार, त्यांना घेताना कोण सांगणार हे. मला विचाराल तर ही मर्यादा म्हणजे शुद्ध चिंधीगिरी आहे आणि तसं मी कोपऱ्यातल्या त्या लिंकवर लिहून पाठवलंय, मोडक्या इंग्रजीत का होईना.

घाई कोणालाच नाही हेही सांगतो. एक्सपीचा मुख्य सपोर्ट १४ एप्रिलला संपतोय म्हणून काही दुकानदार आत्तापासून घाबरवून नवीन मशीन खपवतायत, पण सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फाइली, एप्रिल २०१४ पर्यंत येत राहणार आहेत. ज्यांचं ५१२ एमबी रॅमवर बरं चाललंय त्यांनी गप्प बसावं.

ज्यांनी बीटा टाकलाय त्यांनी एक तर एमपीथ्रीचा पॅच आधी घाला. त्यातल्या मीडिया प्लेअरने गाण्याच्या फाइलचे सुरुवातीचे काही सेकंद कापले जाऊ शकतात, डबलबारी भजनाची जुनी रेकॉर्डिंग कॅसेटवरून उतरवून ठेवलेली असतील तर ती परत कुठे मिळणार. आणि दुसरं, हा बीटा १ ऑगस्टपर्यंतच आहे. गणपती २३ ऑगस्टला येतायत, म्हणजे आरतीची पुस्तकं आणि भजनाची पत्रकं यांची कामं ऐन जोरात असणार त्याच्या तोंडावर. दुकानाच्या एकुलत्या एक मशीनवर हे घालून बसला असाल तर जुलैतच फाइली सीडीवर काढा आणि एक्सपी परत टाका, ऐन वेळी माझ्याकडे पळत येऊ नका, मलाही तेव्हा वेळ नसतो.

आपला,
एक डीटीपीवाला, कुडाळ
फेब्रुवारी २००९