काका, त्या आठ शून्यांसाठी थँक यू

काका,

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "असू दे गं, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते कारण इथे अजून कोणी बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहीत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली तेव्हा आपल्या नागपुरात जो आनंद होता ना, त्याच आठवड्यात मी इंजिन लिहायला घेतलं. चाली जनरेट झाल्या, सर्च चालायला लागला, आणि दिवाळीच्या आसपास मी त्यात हॅश टेबल टाकलं, म्हणजे एकदा पाहिलेली पोझिशन दुसऱ्या वाटेने परत आली की पुन्हा हिशोब करायचा नाही, टेबलातून उत्तर उचलायचं. स्पीड एकदम वाढला. पण इंजिन मधेच हत्ती फुकट द्यायला लागलं, आणि विचित्र म्हणजे एका सेकंदाच्या चालीत बरं खेळायचं आणि एक मिनिट दिलं की वाईट. मी दीड महिना इव्हॅल्युएशनचे, म्हणजे पोझिशन किती चांगली ते ठरवणारे, आकडे बदलत बसले होते, रात्री झोप नव्हती, खरंच रडायला आलं होतं.

बाबांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्या डिसेंबरच्या रविवारी आलात, अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होते तरी फिरून आलात. गच्चीवर उन्हात लॅपटॉपची स्क्रीन दिसत नव्हती म्हणून डोक्यावर चादर घेऊन बसलो होतो आपण, आठवतं? तुम्ही माझा कोड वाचलाच नाही. पहिलंच वाक्य, "आधी ते टेबल बंद करून पाय ना, मग सांग."

टेबल बंद, इंजिन हळू पण शहाणं. म्हणजे इव्हॅल्युएशनचा काही दोष नव्हता, दीड महिन्याचा प्रश्न पाच मिनिटात अर्धा सुटला.

मग तुम्ही मला झोब्रिस्ट की (key, म्हणजे प्रत्येक पोझिशनचा ओळख-आकडा) तुम्हालाच समजावून सांगायला लावली. अल्बर्ट झोब्रिस्टची १९७०ची आयडिया: १२ प्रकारच्या सोंगट्या गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८ रँडम आकडे, कोणाची चाल त्याचा १, कॅसलिंगचे ४, एन पासांच्या (दोन घरं ढकललेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच पुढच्याच चालीत मारणं) फाइल्सचे, म्हणजे उभ्या रांगांचे, ८, एकूण ७८१, आणि पोझिशनमध्ये जे जे आहे त्यांचे आकडे एक्सऑर करत जायचे, म्हणजे बिटाला बिट लावून एकमेकांत मिसळायचे. चाल खेळली की पूर्ण की परत काढायची नाही, बदललं तेवढंच एक्सऑर करायचं. तुम्ही म्हणालात, प्रत्येक नोडवर, म्हणजे सर्चमधल्या प्रत्येक पोझिशनला, ही की शून्यापासून काढ आणि चालत आलेल्या कीशी जुळते का बघ. केलं. लाखो नोड्स, एकही फरक नाही. मी खूश झाले आणि तुम्ही संत्र सोलता सोलता विचारलं, "दोघंबी एकाच चुकीच्या आकड्यातून निघाले असतील तर?"

हा प्रश्न मला कधीच सुचला नसता काका.

मग परफ्ट, म्हणजे ठराविक खोलीपर्यंत चालींच्या किती वाटा निघतात ते मोजायची चाचणी. सुरुवातीच्या पोझिशनपासून पाच प्लायपर्यंत (प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) ४८,६५,६०९ यायला पाहिजेत, माझे येत होते. तुम्ही सांगितलं आता परफ्टलाच वेगळं हॅश टेबल लाव, पूर्ण ६४ बिटांची की ठेव आणि डेप्थसुद्धा (किती प्लाय उरले ते) जुळली तरच आकडा घे. लावलं आणि आकडा चुकला! किविपीट नावाच्या चाचणीच्या पोझिशनवर तर चौथ्या प्लायलाच ४०,८५,६०३ येईना. त्यात पांढऱ्याचं ए-प्यादं दोन घरं शेवटी ढकललं तर बी४वरच्या काळ्या प्याद्याला एन पासां मिळतं, तेच आधी ढकलून मग दुसरी चाल खेळली तर मिळत नाही, पट मात्र दोन्हीकडे अगदी सारखा. माझ्या टेबलाला या दोन्ही एकच वाटत होत्या. रँडम आकडे भरायचं माझं लूप ७७३वर थांबत होतं, एन पासांचे आठही आकडे शून्य, आणि शून्याशी एक्सऑर केलं तर काहीच बदलत नाही. म्हणून तर आधीची तपासणी पास होत होती, दोन्ही कीमध्ये तेच शून्य.

तेवढ्याने सगळं सुटलं नाही. जास्त वेळ दिला की वाईट खेळणं चालूच. टेबलातून कधीकधी रिकाम्या घरावरून घोडा हलवायची चाल यायची, मी ती चेक करून गुपचूप टाकून देत होते. पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "टाकून काऊन देते? मोज ना." मोजलं तर काउंटर थांबेचना. माझ्या टेबलात दोन घात वीस म्हणजे १०,४८,५७६ खाने, खाना ठरायचा कीच्या खालच्या २० बिटांवरून, आणि ओळख पटवायला मी ठेवले होते खालचेच १६ बिट. एकाच खान्यात आलेल्या सगळ्यांचे ते १६ बिट सारखेच असणार ना! म्हणजे कोणीही यावं आणि दुसऱ्याच्या नावावर पार्सल घेऊन जावं. टेबल जसं भरत जायचं तसं खोटं उत्तर जास्त. वरचे १६ बिट घेतले आणि फरक लगेच दिसला. तरी ६५,५३६मधून एकदा चुकीची ओळख पटूच शकते, म्हणून ती चालीची तपासणी ठेवलीय, तुम्ही सांगितलं तशी.

मॅटचा घोळ तुम्ही फोनवरच ओळखला. इंजिन दर चालीला "तीन चालींत मॅट" म्हणायचं आणि मॅट करायचंच नाही. मी मॅटचं अंतर सर्चच्या मुळापासून, म्हणजे विचार सुरू झाला त्या पोझिशनपासून, मोजून टेबलात ठेवत होते, तीच पोझिशन वेगळ्या प्लायला भेटली की आकडा खोटा. ठेवताना त्या पोझिशनपासूनचं अंतर, काढताना आपला प्लाय परत धरायचा, एवढंच.

तुम्ही बँकेत कोबोल भाषेत प्रोग्राम लिहायचे, बुद्धिबळाचं इंजिन तुम्ही आयुष्यात लिहिलं नाही, तरी तीन रविवार माझ्यासोबत बसून राहिले आणि एक ओळसुद्धा मला तयार दिली नाही. दिली असती तर मला ते आठ शून्य सापडल्याचा जो आनंद झाला तो झाला नसता. आईने केलेला तर्री पोहाही तुम्ही थंड करून खाल्ला कारण मला मधे थांबवायचं नव्हतं, हेही मी बघितलं होतं.

काल रात्री फाइन ७० नावाची चाचणीची पोझिशन लावली. नऊच सोंगट्या, सगळी प्यादी अडकलेली, फक्त राजे फिरतात, त्यामुळे त्याच पोझिशन हजार वाटांनी परत येतात आणि टेबल नीट नसेल तर खूप वेळ जातो. माझ्या इंजिनने राजा बी१ हे बरोबर उत्तर लगेच दिलं. साडेअकरा वाजले होते म्हणून फोन केला नाही.

थँक यू काका, मनापासून. रविवारी येते, तीन वेळा तीच पोझिशन आल्याने होणारा ड्रॉ टेबलातून नीट दिसत नाही असं तुम्ही म्हणाला होता, तो अजून तसाच आहे.

तुमची,
समोरच्या गल्लीतली पोरगी