कोऱ्या चहाची गोडी लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात तुमचे नीट आभार मानायला सवडच मिळत नाही. मी तोंड उघडेपर्यंत मागून कुणीतरी ‘पाव किलो ममरी चहा द्या’ म्हणून पैसे पुढे करतं. म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझं दूध बंद केलं. दुधाचं दुःख नव्हतं, चहाचं होतं. आमच्याकडे चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून चांगला उकळलेला. तोच बिनदुधाचा करून पाहिला, तर एक घोट घशाखाली उतरेना. शेवटी हिरव्या चहाचं पाकीट घ्यायला तुमच्याकडे आले. तुम्ही पाकिटाला हातही लावला नाहीत. ‘ताई, आठवण कशाची येते, कडकपणाची की वासाची?’ एवढंच विचारलंत. वासाची, म्हटलं. एवढ्या महिन्यांत मला असं कुणी विचारलंच नव्हतं. जो तो चहा सोडायचे फायदे सांगत होता.

मग तुम्ही पांढऱ्या कागदावर दोन चिमटी पत्ती ठेवलीत. एक आमची रोजची दाणेदार, दुसरी दार्जिलिंगची, लांबट आणि वळलेली. दाणेदार म्हणजे सीटीसी, पानं दातेरी रुळांतून चिरडून, फाडून त्यांच्या गोळ्या होतात, ही पद्धत आसामात १९३०च्या दशकात आली, हे तुमच्याकडूनच कळलं. तिचा रंग आणि तुरटपणा झटकन उतरतो. दुधातली प्रथिनं तो तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून दुधात ती छान लागते. दूध काढलं की तुरटपणा उघडा पडतो. माझा चहा का बिघडत होता, ते दोन मिनिटांत कळलं. दार्जिलिंगची पत्ती तुम्ही मुठीत धरून तिच्यावर तोंडाची वाफ सोडलीत आणि मूठ माझ्या नाकाशी धरलीत. तो वास मी विसरणार नाही.

एक पुडी मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीची, एक मे-जूनच्या दुसऱ्या तोडीची. दोन्हींचे पैसे घेतले नाहीत. ‘आधी करून बघा’ म्हणालात.

सांगितलंत तसंच करते. किटली गरम पाण्यानं विसळून घ्यायची, कपाला साधारण दोन ग्रॅम पत्ती, वरून आधणाचं पाणी, झाकण, आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. पहिल्या तोडीसाठी गॅस बंद करून पाणी जरा निवू द्यायचं. मग सगळा चहा गाळून घ्यायचा, पत्तीवर थेंबभरही ठेवायचा नाही, नाहीतर दुसरा कप कडवट होतो. ही पत्ती पातेल्यात रटारटा उकळणाऱ्यांना आता मी भर पंगतीत टोकते.

पहिल्यांदा गाळणीत उरलेलं एक पान बोटानं उलगडून पाहिलं. अख्खं पान होतं, काठाचे दाते शाबूत, मध्ये तांबूस, कडेला अजून हिरवट. इतकी वर्षं चहा प्याले, पण चहाचं पान तेव्हा पहिल्यांदा पाहिलं! पहिली तोड मला फुलासारखी हलकी वाटते, पण माझं मन दुसरीवरच आहे. तिला पिकल्या द्राक्षांचा वास येतो. साखर घालावीशीच वाटत नाही.

ह्यांचा चहा अजून दुधाचाच आहे. ताज्या आल्यानं दूध फाटतं म्हटल्यावर, आलं आधी पाण्यात उकळून मग दूध घाला, दूध फाडणारं त्याच्यातलं विकर (एन्झाइम) उष्णतेनं निकामी होतं, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून एकदाही फाटला नाही. पत्तीचा डबाही हिंगापासून हलवला.

चार वाजता आम्ही दोघं पूर्वीसारखेच समोरासमोर बसतो. ह्यांच्यापुढे कप, माझ्यापुढे किटली. डॉक्टरांकडून आले त्या दिवशी हेच गेलं असं वाटलं होतं, आणि ते तुम्ही परत मिळवून दिलंत. महागातला डबा माझ्या गळ्यात मारणं किती सोपं होतं! तुम्ही भर गर्दीत गिऱ्हाइकं थांबवून मला शिकवत बसलात. काका, मनापासून आभार.

शनिवारी येते. ह्यांची अर्धा किलो ममरी आणि माझ्यासाठी दुसऱ्या तोडीची शंभर ग्रॅम बांधून ठेवा. सोबत धाकट्या जाऊबाई असतील, त्यांचंही दूध बंद झालंय. त्यांनाही मूठ धरून वास द्या.

तुमची,
रोज चारची चहावाली ताई