तात्पुरते अधिकार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, क्रांती करणारे नेते पुढे का बिघडतात, यावर तुमचं उत्तर ठरलेलं: खुर्चीत बसला की माणूस बदलतो. आई त्यावर म्हणणार, बदलत नाही, मुळातच तसा असतो. मला दोन्ही अर्धवट पटतं. स्वभावाचा कीस पाडत बसलं की कागदांकडे लक्ष जात नाही, आणि खरी गोम तिथेच असते. कुठला अधिकार किती दिवसांसाठी दिला, परत घ्यायचं कलम कुणी खोडलं, नेमणुकांची यादी कुणाच्या टेबलावर होती, हे बघावं लागतं.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या रोबेस्पिएरचंच घ्या. मे १७९१ मध्ये हा गृहस्थ फ्रान्सच्या सभेत मृत्युदंड रद्द करा म्हणून भाषण करत होता. त्याच महिन्यात त्याने एक ठराव मंजूर करून घेतला, की सध्याच्या सभासदांपैकी कुणीही पुढच्या सभेची निवडणूक लढवायची नाही. त्यात तो स्वतःही आला. याला ढोंग म्हणता येत नाही.

मग एप्रिल १७९३ मध्ये सार्वजनिक सुरक्षा समिती नेमली गेली. आधी ९ जण, नंतर १२. मुदत फक्त एक महिना, दर महिन्याला सभेने नव्याने मंजुरी द्यायची. कागदावर याहून घट्ट लगाम सापडणार नाही. पण सीमेवर युद्ध चालू, आत पश्चिमेकडच्या वांदे प्रांतात बंड. दर महिन्याला हात वर होत गेले. जुलैत रोबेस्पिएर समितीत आला. ऑक्टोबरमध्ये सभेने ठरवलं की शांतता होईपर्यंत सरकार 'क्रांतिकारी' राहील. लोकांनी मतदान करून मान्य केलेली नवी राज्यघटना लाकडी पेटीत घालून सभागृहातच ठेवून दिली. खरी मेख 'शांतता होईपर्यंत' या शब्दांत आहे. तारखेच्या जागी अट आली, आणि अट पुरी झाली की नाही हे ठरवणार तेच, ज्यांना ती पुरी झाल्यावर घरी जायचंय.

१० जून १७९४ चा कायदा तर ओळ न ओळ वाचण्यासारखा आहे. आरोपीला वकील नाही. पुरावा हाती असेल तर साक्षीदार बोलवायची गरज नाही, आणि 'नैतिक' पुरावाही चालेल. निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. 'जनतेचे शत्रू' या व्याख्येत खोट्या बातम्या पसरवणारे आणि लोकांची नीती बिघडवणारेही बसवले. पंधरा-सोळा दिवसांत, २६ जूनला, फ्रेंच फौजेने फ्लरुसची लढाई जिंकली. म्हणजे ज्या धोक्यापायी हे सगळं चालू होतं, तो ओसरत होता. तरी पॅरिसमध्ये जेमतेम सात आठवड्यांत १,३०० हून जास्त माणसं गिलोटिनखाली गेली. त्याआधीच्या वर्षभराहून अधिक काळातही तेवढी गेली नव्हती. धोका संपला म्हणून यंत्र थांबत नाही, कारण चालवणाऱ्याला आता वेगळीच भीती असते. एवढ्या सह्या केलेल्या माणसाला निवृत्त होता येत नाही. २६ जुलैला रोबेस्पिएर सभेत म्हणाला की कट करणारे आपल्यातच आहेत, आणि नावं सांगितली नाहीत. ती चूक त्याला भोवली. नाव न घेतल्यामुळे ज्याला त्याला आपलंच वाटलं, आणि दोन दिवसांत तो स्वतः गिलोटिनवर गेला. खटलाही झाला नाही; तो कायद्याबाहेरचा ठरल्यामुळे फक्त ओळख पटवली.

क्रांतीतलाच दुसरा मोठा पुढारी दान्तों, त्याचं तर त्याआधीच झालं होतं. क्रांतिकारी न्यायाधिकरण हवंच, असा आग्रह त्याने मार्च १७९३ मध्ये धरला होता. एप्रिल १७९४ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने त्याला मृत्युदंड दिला.

रशियातली गोष्ट इतकी रक्तरंजित सुरू होत नाही; ती कारकुनी आहे, म्हणून मला जास्त भीतीदायक वाटते. संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, सुमारे चतुर्थांश मतं पडली, आणि जानेवारी १९१८ मध्ये ती सभा एका बैठकीनंतर बंद करून टाकली, हे बाबांना माहीत आहे. मला दाखवायचाय तो मार्च १९२१ चा ठराव. क्रोनश्टाटच्या आरमारी तळावरच्या नाविकांचं बंड चालू असताना दहाव्या पक्ष अधिवेशनाने पक्षात गट करायला बंदी घातली. एक कलम तर गुप्त ठेवलं: केंद्रीय समितीला दोन तृतीयांश मतांनी आपल्याच सभासदालाही पक्षातून काढता येईल. हात वर करणाऱ्यांपैकी कितीजणांवर ते पुढे उलटलं!

एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. बाकीच्या पुढाऱ्यांना हे काम कंटाळवाणं वाटायचं: माणसांच्या नोंदी ठेवायच्या, बदल्या करायच्या. पण साखळी बघा. सचिवालय प्रांताचा पक्षसचिव सुचवतं. तो सचिव अधिवेशनाला कोण प्रतिनिधी जाणार ते बघतो. प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात. आणि केंद्रीय समिती सचिवालय नेमते. चक्र पूर्ण! वर्षाला हजारोंच्या संख्येने नेमणुका एकाच खात्यातून होऊ लागल्यावर वादात कोण बरोबर, याला अर्थ उरत नाही. मोजणीच्या वेळी हात कुणाचे, एवढंच उरतं. लेनिनने जानेवारी १९२३ मध्ये लिहून ठेवलं की याला या पदावरून हलवा. उशीर झाला होता, आणि बंदीचा ठराव तर लेनिनचाच. १९३४ च्या अधिवेशनाने निवडलेल्या केंद्रीय समितीत सभासद आणि उमेदवार मिळून १३९ जण होते. त्यातल्या ९८ जणांना पुढे अटक होऊन गोळ्या घातल्या, हा आकडा स्टालिननंतरचा पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह याने खुद्द १९५६ मध्ये पक्षासमोर वाचून दाखवला.

पैशाचंही असंच हळूहळू होतं. पक्षाच्या माणसाच्या पगाराला सुरुवातीला कमाल मर्यादा होती. ती १९३२ मध्ये उठवली. खास दुकानं त्याआधीच निघाली होती.

मेक्सिकोत मात्र हसावं की रडावं कळत नाही. पोर्फिरिओ दियासने १८७६ मध्ये उठाव केला तो 'फेरनिवड नको' या घोषणेवर. १८७८ मध्ये लागोपाठ निवडून यायला बंदी घातली, नियमाप्रमाणे चार वर्षं मित्राला बसवलं, १८८४ मध्ये परत आला. १८८७ च्या दुरुस्तीने एक जादा मुदत मिळाली, १८९० मध्ये मर्यादाच गेली. १९११ पर्यंत तोच. त्याच्याविरुद्ध मादेरो उभा राहिला, तोही 'फेरनिवड नको' म्हणतच. क्रांतीनंतर बंदी घटनेत आली, १९२७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोनसाठी सैल केली, तो निवडून येऊन पदावर बसण्याआधीच मारला गेला, आणि मग ती पुन्हा पक्की झाली. त्यानंतर प्रत्येक राष्ट्राध्यक्ष मुदत संपली की खरोखर घरी गेला. पण पुढचा कोण, हे जाणाराच बोट दाखवून ठरवायचा, आणि सत्ताधारी पक्ष २००० सालापर्यंत सत्तेवरून हलला नाही. म्हणजे तारीख पाळूनही चकवा देता येतो.

आई, तू मंडेलांचं नाव काढणार. ते १९९९ मध्ये एकाच मुदतीनंतर उतरले, हे तुझ्या बाजूचं उदाहरण, मान्य. पण १९९५ चं एक प्रकरण बघ. स्थानिक निवडणुका वेळेत व्हाव्यात म्हणून संसदेने राष्ट्राध्यक्षांना एक कायदा नुसत्या घोषणेने बदलायचा अधिकार दिला होता. हेतू चांगला, घाई खरी, माणूस मंडेलांसारखा. तरी नव्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं, असा अधिकार संसदेला कुणाला देताच येत नाही. मंडेलांनी काढलेल्या घोषणा रद्द, आणि चूक दुरुस्त करायला संसदेला थोडे दिवस. मंडेलांनी निकाल जाहीरपणे मानला आणि संसद पुन्हा बोलावली.

बाबांना काय वाटतं ते कळवा. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी